दाताची नस काढल्यावरही ठणका का? रूट कॅनालनंतरचे दुखणे आणि त्याची निगा

नवी दिल्ली : रूट कॅनालचे उपचार घेऊन घरी परतलेल्या रुग्णाला त्या रात्री एक साधा प्रश्न पडतो. दाताची नस तर डॉक्टरांनी काढून टाकली. मग हे दुखते आहे ते काय? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर बहुतेकांना उपचारापूर्वी कोणी सांगितलेले नसते. ते ठाऊक नसल्यामुळे पुढच्या दोन दिवसांत नाना चुका घडतात. कोणी उपचार फसला असे समजून दुसऱ्या दवाखान्याची पायरी चढतो, कोणी औषधाच्या दुकानातून प्रतिजैविकांची पट्टी आणतो, कोणी गालात लवंग धरून रात्र काढतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणे ओसरले की नेमकी उलट चूक होते. दात बरा झाला असे मानून कॅप बसवून घेण्यासाठी रुग्ण परत जातच नाही. या सर्वांत हीच चूक सर्वाधिक महाग पडते.

दुखते ते नेमके कोठे?

दाताच्या मध्यभागी एक पोकळी असते. रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असलेली मऊ ऊती, म्हणजे दंतमज्जा, तीत असते. बोलीत तिलाच आपण नस म्हणतो. कीड तिथवर पोहोचली की ही ऊती सुजते, पुढे कुजते. रूट कॅनालमध्ये ती काढली जाते, मुळांतील नलिका बारीक सुयांसारख्या हत्यारांनी घासून रुंद केल्या जातात, सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणाने धुतल्या जातात आणि शेवटी गटापर्चा या झाडाच्या चिकापासून बनलेल्या, रबरासारख्या पदार्थाने भरून बंद केल्या जातात. यानंतर त्या दाताला थंड-गरम कळण्याचे कारण उरत नाही.

परंतु दात जबड्यात सिमेंटने पक्का केलेला नसतो. मुळाच्या भोवती, मूळ आणि हाड यांना जोडणारा तंतूंचा एक पातळ पडदा असतो. जाडी सुमारे पाव मिलिमीटर, पण संवेदना विलक्षण तीक्ष्ण. भातातला बारीक खडा दाताखाली येताच क्षणात कळतो, तो याच पडद्यामुळे. रूट कॅनालमध्ये नस निघते, हा पडदा मात्र जागच्या जागी राहतो. नसेच्या संसर्गाने तो बहुधा आधीच सुजलेला असतो. उपचाराच्या वेळी हत्यारांचा स्पर्श, मुळाच्या टोकाबाहेर ढकलला गेलेला थोडासा कचरा किंवा धुण्याचे द्रावण यांनी ती सूज आणखी वाढते. पायातला काटा निघाला तरी पाय दोन दिवस ठणकतो, तसाच हा प्रकार आहे.

म्हणूनच रूट कॅनालनंतरचे दुखणे विशिष्ट स्वरूपाचे असते. दातावर दात टेकला की कळ येते, चावताना दात किंचित वर आल्यासारखा वाटतो, हिरडीवर बोट दाबले तर दुखते. जिथे भुलीचे इंजेक्शन दिले तिथला दुखरेपणा आणि तासभर तोंड उघडे ठेवल्याने कानाजवळच्या सांध्यावर आलेला ताण हेही त्यात मिसळतात. दुखणे दाताचे की जबड्याच्या स्नायूंचे, हे पहिल्या दिवशी रुग्णाला सांगता येत नाही आणि त्यात काही गैर नाही.

हे दुखणे किती जणांना होते आणि किती काळ टिकते, याचा अंदाज देणारा एक महत्त्वाचा आढावा २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अनेक अभ्यासांची आकडेवारी एकत्र केली होती. उपचारापूर्वी ८१ टक्के रुग्णांना दुखत होते. उपचारानंतर २४ तासांनी हे प्रमाण ४० टक्क्यांवर आले आणि सात दिवसांनी ११ टक्क्यांवर. तीव्रताही तशीच उतरली. शंभर गुणांच्या मापावर उपचारापूर्वी सरासरी ५४ असलेले दुखणे एका दिवसात २४ पर्यंत आणि आठवड्यात ५ पर्यंत खाली आले. रूट कॅनाल म्हणजे यातना, ही लोकांच्या मनातली प्रतिमा या आकड्यांशी जुळत नाही. बहुतेकांच्या वाट्याला येणारी यातना उपचाराआधीची असते, नाव मात्र उपचाराचे बद्द होते.

ज्यांचा दात उपचारापूर्वीच फार ठणकत होता त्यांना नंतरही अधिक दुखते, हे वारंवार आढळले आहे. एकाच बैठकीत उपचार पूर्ण केला तर पहिल्या आठवड्यात दुखण्याची शक्यता थोडी अधिक असते. दीर्घकालीन यशात मात्र एक बैठक आणि अनेक बैठका यांत लक्षणीय फरक दिसलेला नाही. दूरच्या गावाहून येणाऱ्या, रोजंदारी बुडवून बसलेल्या रुग्णासाठी एकच बैठक हा बहुधा शहाणपणाचा सौदा ठरतो. फक्त दुखण्याची कल्पना त्याला आधी दिलेली असावी.

भूल उतरण्याआधीच

खालच्या जबड्याला दिलेली भूल ओठ आणि जिभेवर दोन ते पाच तास टिकते. या काळात खाऊ नये. बधिर गाल दाताखाली सापडून चिरला तरी कळत नाही आणि दुसऱ्या दिवशी दातापेक्षा गालाची जखमच जास्त छळते. लहान मुलांवर तर या वेळी नजर ठेवावी लागते. गंमत म्हणून ती बधिर ओठ चावत बसतात.

वेदनाशामक औषधाची पहिली मात्रा मात्र याच काळात, भूल उतरण्याआधी घेणे हिताचे असते. दुखणे पूर्ण भरात आल्यावर ते आवरायला औषध अधिक लागते. पहिले २४ ते ४८ तास दुखेल तेव्हा गोळी घेण्याऐवजी घड्याळ पाहून ठरावीक अंतराने घ्यावी आणि त्यानंतर गरजेपुरती, असा सल्ला सामान्यतः दिला जातो.

औषध कोणते? अमेरिकन डेंटल असोसिएशनने पुरस्कृत केलेल्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दातांच्या तीव्र दुखण्यावर प्रथम पसंती आयबुप्रोफेनसारख्या सूज उतरवणाऱ्या वेदनाशामकांना आहे, एकट्याने किंवा पॅरासिटामॉलच्या जोडीने. या जोडीमागचा विचार सोपा आहे. आयबुप्रोफेन दुखऱ्या जागी तयार होणाऱ्या, सूज आणि वेदना वाढवणाऱ्या प्रोस्टाग्लँडिन या रसायनांना अटकाव करते. पॅरासिटामॉल मुख्यतः मेंदू आणि मज्जारज्जूच्या पातळीवर वेदनेची जाणीव कमी करते. वाटा निराळ्या असल्यामुळे दोन्ही मिळून एकेकट्या औषधापेक्षा जास्त आराम देतात. रूट कॅनालच्या रुग्णांवरच झालेल्या २००४ च्या एका चाचणीत ही जोडी एकट्या आयबुप्रोफेनपेक्षा सरस ठरली होती.

प्रकृती एरवी निरोगी असलेल्या प्रौढासाठी आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम, दर सहा ते आठ तासांनी, जेवणानंतर, हे नेहमीचे प्रमाण. डॉक्टरांच्या देखरेखीविना दिवसाची मर्यादा १२०० मिलिग्रॅम. पॅरासिटामॉल ५०० ते १००० मिलिग्रॅम, दिवसाला कोणत्याही परिस्थितीत ४००० मिलिग्रॅमच्या वर नाही. वजन कमी असलेल्या, यकृताचा विकार असलेल्या किंवा नियमित मद्यपान करणाऱ्या व्यक्तींसाठी मर्यादा याहून बरीच खाली असते. येथे एक हिशेब हमखास चुकतो. आपल्याकडे दोन्ही औषधे एकाच गोळीत असलेली मिश्रणे सर्रास मिळतात. त्यांतल्या प्रचलित गोळीत ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेनसोबत ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते. ती घेऊन वर ६५० ची पॅरासिटामॉल घेतली आणि सर्दी झाली म्हणून सर्दीची गोळीही घेतली, तर पॅरासिटामॉल तीन दारांनी पोटात जाते. यकृत त्याची बेरीज करते, रुग्ण करत नाही. पट्टीच्या मागचे बारीक अक्षर वाचण्याचा कंटाळा येथे परवडणारा नाही.

पाण्यात विरघळणारी केटोरोलॅकची गोळीही आपल्याकडे दातदुखीवर वारंवार लिहिली जाते. ती प्रभावी आहे, पण तोंडाने आणि इंजेक्शनने मिळून पाच दिवसांच्या पुढे घ्यायची नाही, आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकच्या जोडीने तर मुळीच नाही. निमेसुलाइडचा वापर बारा वर्षांखालील मुलांसाठी भारताने २०११ मध्येच बंद केला. घरातल्या डब्यात उरलेली अशी गोळी मुलाच्या दातदुखीवर देऊ नये.

आयबुप्रोफेन कोणी टाळावे, हे कोणत्या गोळीने बरे वाटते यापेक्षा महत्त्वाचे आहे. पोटात व्रण असलेले, मूत्रपिंडाचा विकार असलेले, रक्त पातळ करणारी औषधे घेणारे, हृदयविकाराचे रुग्ण, वेदनाशामकांनी ज्यांचा दमा उसळतो असे रुग्ण आणि गर्भवती स्त्रिया, विशेषतः २० व्या आठवड्यानंतर. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी आणि त्यासोबत रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टनसारखी औषधे घेणाऱ्या वृद्धांमध्ये आयबुप्रोफेनची भर पडली की मूत्रपिंडावरचा भार एकदम वाढतो. अशांना पॅरासिटामॉलवरच भागवावे लागते. पावसाळ्यात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दातदुखीच्या जोडीला ताप आला आणि परिसरात डेंग्यूची साथ असेल, तर तपासणी होईपर्यंत आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिन दोन्ही बाजूला ठेवावीत. डेंग्यूमध्ये रक्तातील बिंबिका घटतात आणि ही औषधे रक्तस्रावाचा धोका वाढवतात.

उपवासांचा प्रश्न भारतात वेगळा काढता येत नाही. नवरात्र, श्रावण किंवा रमजानच्या दिवसांत रिकाम्या पोटी ही गोळी घेतली तर जठराला ती भोवते. उपचार पुढे ढकलणे शक्य असेल तर ढकलावा. शक्य नसेल तर औषधाचे वेळापत्रक डॉक्टरांशी बोलून आधी ठरवावे. उपवासाची गोष्ट डॉक्टरांपासून लपवण्यात काही साधत नाही.

लवंग, मीठ आणि मिश्री

घरगुती उपायांपैकी दोन खरोखर उपयोगाचे आहेत. पहिल्या दिवशी गालावर बाहेरून, फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे धरावा, मग तेवढीच विश्रांती. दुसऱ्या दिवसापासून पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या कराव्यात; हिरडीला त्याने आराम पडतो. रात्री झोपताना एक उशी जास्त घ्यावी. आडवे झाल्यावर डोक्याकडचा रक्तदाब वाढतो आणि ठणका जाणवू लागतो. दातदुखी रात्रीच का बळावते याचे हे एक कारण आहे. गालावर गरम शेक मात्र नको. संसर्गाची सूज असेल तर शेकाने ती वाढण्याची भीती असते.

लवंगेचा मान मोठा आहे आणि तो निराधार नाही. लवंग तेलातील युजेनॉल हे द्रव्य मज्जातंतूंची संवेदना मंद करते आणि दंतवैद्यांच्या तात्पुरत्या सिमेंटमध्येही ते वापरले जाते; दवाखान्यात शिरताच येणारा तो ओळखीचा वास त्याचाच. पण किडलेल्या दाताच्या उघड्या नसेवर जे काम करते त्याला रूट कॅनालनंतर तिथे नसच सापडत नाही. सुजलेला पडदा हाडाच्या आत आहे आणि वरून लावलेले तेल तिथे पोहोचत नाही. उलट शुद्ध तेलाने हिरडी भाजते. ॲस्पिरिनची गोळी दाताशेजारी गालात धरण्याची पद्धतही अशीच. ते आम्ल आहे, त्याने गालाच्या आतील त्वचा पांढरी पडून सोलते.

तंबाखूचा उल्लेख येथे टाळता येत नाही. महाराष्ट्रात मिश्री, गुजरातेत बजर, बिहार आणि उत्तर प्रदेशात गुल, छत्तीसगड आणि ओडिशात गुडाखू अशा नावांनी दातांना तंबाखू चोळण्याची सवय देशभर आहे आणि तिची सुरुवात अनेकदा दातदुखीवरचा उपाय म्हणूनच होते. टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालण्यास १९९२ पासून बंदी असली, तरी ही उत्पादने वेगळ्या रूपांत विकली जातातच. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतातील २१.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरतात. निकोटिनने क्षणभर बधिरता येते, पण रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि जखम भरून येण्यास विलंब लागतो. सवय सुटत नसेल तरी निदान पहिले काही दिवस त्या बाजूला तंबाखू लावू नये, असे रुग्णांना स्पष्ट सांगायला हवे.

आहाराचे पथ्य फार नाही. मऊ भात, वरण, खिचडी, इडली, दलिया. चावणे दुसऱ्या बाजूने. चिक्की, सुपारी, फुटाणे आणि ऊस कॅप बसेपर्यंत दूर ठेवावेत. दात घासणे मात्र थांबवू नये. दुखते म्हणून त्या बाजूला ब्रश फिरवलाच नाही तर हिरडी सुजते आणि मग दुखणे नेमके कशाचे हे ओळखणे अवघड होते.

प्रतिजैविकांचा मोह

रूट कॅनालनंतर दुखले की प्रतिजैविक घ्यायचे, ही समजूत रुग्णांत खोल रुजली आहे आणि तिला खतपाणी घालण्यात वैद्यकीय व्यवसायाचाही वाटा आहे. रुग्ण नाराज होऊन दुसरीकडे जाईल या धास्तीने चिठ्ठीत एक कॅप्सूल वाढवली जाते. प्रत्यक्षात उपचारानंतरचे दुखणे बहुतांशी सुजेचे असते, नव्या संसर्गाचे नाही, आणि प्रतिजैविक हे वेदनाशामक नव्हे. नियंत्रित चाचण्यांत पेनिसिलिन घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या रुग्णांच्या दुखण्यात फरक आढळलेला नाही. दुसरेही एक कारण आहे. ज्या दाताची नस मेली त्याच्या आत रक्तपुरवठाच उरत नाही. गोळीतले औषध रक्ताबरोबर फिरते, ते दाताच्या आतील जंतूंपर्यंत पोहोचणार कसे? तिथली स्वच्छता हत्यारांनी आणि द्रावणानेच होते.

अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०१९ च्या सूचना याबाबत निःसंदिग्ध आहेत. दातावर उपचार उपलब्ध असेल आणि रुग्णाची प्रतिकारशक्ती सामान्य असेल, तर नसेच्या सुजेसाठी किंवा स्थानिक गळवासाठीही प्रतिजैविके देण्याची शिफारस त्यांत केलेली नाही. ताप, ग्लानी, पसरत जाणारी सूज असेल तेव्हा ती द्यावीच लागतात. अनियंत्रित मधुमेह किंवा प्रतिकारशक्ती घटवणारी औषधे घेणाऱ्या रुग्णांबाबत डॉक्टरांचा निर्णय वेगळा असू शकतो. भारतात मधुमेहींची संख्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार १० कोटींवर असल्याने हा अपवाद येथे लहान नाही. हृदयात कृत्रिम झडप बसवलेल्यांना उपचारापूर्वी द्यायची एकच मात्रा, हाही निराळा विषय आहे आणि ती चुकवायची नसते.

या सगळ्यात पणाला काय लागले आहे, हे एका आकड्यावरून कळावे. प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जंतूंच्या संसर्गामुळे २०१९ या एका वर्षात जगात १२ लाख ७० हजार मृत्यू ओढवले, असा अंदाज ‘द लॅन्सेट’ने २०२२ मध्ये प्रसिद्ध केला. प्रतिजैविकांच्या पट्टीवरील उभी लाल रेघ चिठ्ठीविना हे औषध घेऊ नये असे सांगते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने तिच्या प्रचाराची मोहीम २०१६ मध्ये हाती घेतली होती. दुकानातून सुटी अमॉक्सिसिलिन मागताना आजही त्या रेघेकडे कोणी पाहत नाही.

रात्र उजाडण्याची वाट कधी पाहू नये

दुखणे दिवसागणिक कमी होत असेल, मग ते कितीही सावकाश असो, तर काळजीचे कारण नाही. उतरलेले दुखणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा उसळले किंवा गोळ्या घेऊनही झोप लागेना, तर दंतवैद्याला कळवावे. पुष्कळदा कारण अगदी क्षुल्लक निघते. वर भरलेले सिमेंट केसभर उंच राहिलेले असते आणि प्रत्येक घासाला त्या सुजलेल्या पडद्यावर हातोडी पडत असते. भुलीच्या अमलाखाली रुग्णाला चावण्यातला फरक सांगता येत नाही, त्यामुळे ते त्या दिवशी लक्षात येत नाही. दोन मिनिटांत सिमेंट घासून खाली आणले की आराम पडतो. चार दिवस गोळ्या खाण्यापेक्षा ही फेरी स्वस्त.

उपचार चालू असतानाच अचानक असह्य कळ येऊन काही मिनिटांत गाल किंवा ओठ फुगला आणि पुढे काळानिळा पडला, तर धुण्याचे द्रावण मुळाबाहेरच्या ऊतींत गेल्याची शक्यता असते. असे क्वचित घडते, दिसायला भयंकर असते आणि योग्य देखभालीने बहुधा काही आठवड्यांत पूर्ण भरून येते. पण दंतवैद्याने तत्काळ पाहायला हवे.

याहून गंभीर खुणा वेगळ्या आहेत. सूज डोळ्याकडे चढणे किंवा हनुवटीखाली, गळ्याकडे उतरणे. तोंड उघडता न येणे. गिळताना त्रास, लाळ बाहेर गळणे, आवाज जड होणे, जीभ वर उचलली जाणे, श्वास लागणे. थंडी वाजून ताप. जिभेखालच्या जागेत पसरणाऱ्या अशा संसर्गाचे वर्णन जर्मन वैद्य विल्हेल्म फ्रेडरिक फॉन लुडविग यांनी १८३६ मध्ये केले आणि तो आजही जीव घेऊ शकतो, कारण सूज श्वासमार्गच दाबून टाकते. अशा वेळी दंतवैद्याचा दवाखाना उघडण्याची वाट पाहू नये. आपत्कालीन विभाग असलेले मोठे रुग्णालय गाठावे, रात्र असली तरी.

कॅप हा उपचाराचाच भाग

रूट कॅनाल झालेला दात दुखत नाही आणि तोच त्याचा धोका आहे. किडीने आणि उपचारासाठी पाडलेल्या छिद्राने दाढ आतून पोकळ झालेली असते. भिंती पातळ उरतात आणि चावण्याचा जोर मात्र पूर्वीइतकाच असतो. सुपारीचा एक तुकडा, भाजलेला मक्याचा एक दाणा, आणि दाढ उभी चिरते. चीर मुळापर्यंत गेली की दात काढण्यावाचून गत्यंतर नसते. रूट कॅनालचे पैसे, वेळ, सोसलेले दुखणे सगळे वाया.

याचा पुरावा भक्कम आहे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात कॅप न बसवलेले दात कॅप बसवलेल्या दातांच्या सहापट वेगाने गमवावे लागल्याचे दिसले. दंतविम्याच्या नोंदींवर आधारलेला २००४ चा अभ्यास तर १४ लाखांहून अधिक दातांचा होता. रूट कॅनालनंतर आठ वर्षांनीही त्यांतील ९७ टक्के दात तोंडात शाबूत होते. जे काढावे लागले त्यांतल्या ८५ टक्के दातांवर पूर्ण कॅप नव्हती. उपचार टिकाऊ आहे. बहुधा कमी पडते ते त्यावरचे छप्पर.

दरम्यान बसवलेले तात्पुरते सिमेंट हे दोन-तीन आठवड्यांचे पाहुणे. ते झिजले, निघाले किंवा कडेने झिरपू लागले की लाळेतील जंतू पुन्हा नलिकांकडे वळतात. त्याचा एखादा बारीक कण सुटणे चालते, पण जिभेला खड्डा लागत असेल तर त्याच आठवड्यात दाखवावे. पुढच्या दातांना दरवेळी कॅप लागतेच असे नाही. दात बराचसा शाबूत असेल तर नुसते पक्के भरूनही चालते. दाढांना आणि उपदाढांना मात्र ती सहसा लागतेच.

येथे रुग्णाच्या निष्काळजीपणाइतकाच खर्चाचाही प्रश्न आहे. अनेकदा कॅपचा खर्च रूट कॅनालइतका किंवा त्याहून जास्त असतो आणि तो आधी सांगितलेला नसतो. दुखणे थांबलेले असताना घरात दुसरी निकड उभी राहिली की हा खर्च मागे पडतो, हे समजण्यासारखे आहे. म्हणून संपूर्ण उपचाराचा, कॅपसह, आकडा पहिल्याच भेटीत विचारावा आणि डॉक्टरांनीही न विचारता सांगावा. शासकीय दंत महाविद्यालयांत हेच उपचार पुष्कळ कमी खर्चात होतात. फेऱ्या जास्त लागतात, पण विद्यार्थ्यांच्या कामावर अध्यापकांची देखरेख असते. धातूची साधी कॅप दिसायला देखणी नसते, तरी मागच्या दाढेवर ती उत्तम काम देते. महागडी सिरॅमिक कॅप परवडत नाही म्हणून कॅपच न बसवणे हा सर्वांत वाईट पर्याय आहे.

जे दुखणे जात नाही

काही थोड्या रुग्णांचे दुखणे महिनोन्‌महिने रेंगाळते. अनेक अभ्यासांच्या २०१० च्या एकत्रित विश्लेषणात सहा महिन्यांनंतरही दुखणे टिकून असलेल्या दातांचे प्रमाण ५.३ टक्के आढळले. कारणे निरनिराळी असतात. एखादी नलिका सापडलेलीच नसते. वरच्या पहिल्या दाढेत तर निम्म्याहून अधिक वेळा चौथी बारीक नलिका असते आणि ती नजरेतून निसटणे सोपे आहे. कधी मुळाला न दिसणारी चीर असते, कधी दुखणारा दात शेजारचाच निघतो. सूक्ष्मदर्शक आणि जबड्याचे त्रिमितीय स्कॅन यांच्या साह्याने पुन्हा उपचार करून यांतले बरेच दात वाचवता येतात.

पण रेंगाळणाऱ्या दुखण्यांपैकी मोठा हिस्सा दाताचा नसतोच, असेही संशोधकांना दिसून आले. चावण्याच्या स्नायूंचा ताण, वरच्या जबड्याजवळील सायनसची सूज, चेहऱ्याच्या मज्जातंतूचे विकार हे दातदुखीचे सोंग घेऊन येतात. विजेच्या झटक्यासारखी क्षणिक सणक, वारा लागला तरी उठणारी कळ, तपासणीत सर्व काही ठीक असूनही टिकणारी जळजळ यांवर पुन्हा रूट कॅनाल करणे किंवा दात उपटणे हा उपाय नव्हे. दात काढल्यावरही तसेच दुखत राहिले, मग त्याच्या शेजारचा काढला, तरीही दुखतेच, अशी माणसे दंत महाविद्यालयांच्या बाह्यरुग्ण विभागांत आढळतात. दुखणे स्पष्ट नसेल तर दात काढण्यास संमती देण्याआधी दुसरे मत घ्यावे, शक्यतो रूट कॅनालच्या तज्ज्ञाचे किंवा मुखरोगतज्ज्ञाचे.

ज्यांच्या मुळाच्या टोकाशी क्ष-किरण प्रतिमेत काळा डाग दिसला होता, म्हणजे तिथले हाड संसर्गाने झिजले होते, त्यांचे बरे होणे तर डोळ्यांना दिसतच नाही. दुखणे आठवड्यात थांबते. हाड भरून येण्यास महिने, क्वचित वर्षे लागतात. युरोपियन सोसायटी ऑफ एंडोडोंटॉलॉजीच्या सूचनेनुसार अशा दाताची प्रतिमा किमान एका वर्षाने पुन्हा काढून पाहावी आणि डाग पूर्ण भरला नसेल तर चार वर्षांपर्यंत लक्ष ठेवावे. त्यासाठी उपचाराच्या दिवशी काढलेली प्रतिमा हाताशी हवी. दवाखाना बदलतो, गाव बदलते, डॉक्टरांच्या संगणकातली नोंद पुढच्या डॉक्टरांना मिळत नाही. त्या प्रतिमेची एक प्रत मागून घेऊन घरच्या औषधांच्या फाइलीत, दाताचा क्रमांक आणि तारीख लिहून ठेवावी.